पहिल्यांदा अभ्यंगाला जाताना

"दाब बरोबर आहे ना, काकू?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"हो हो, चालू दे." आवाज खणखणीत, पण पायाची बोटं आत मुडपलेली आणि श्वास रोखून धरलेला. मी हात थांबवला, तेव्हा पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "अगं, दुखल्याशिवाय गुण कसा येईल?"

पुण्यात एका वैद्यांच्या पंचकर्म केंद्रात मी १४ वर्षं मसाजचं काम करते आणि हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आपल्याला अभ्यंग ठाऊक असतो तो नरक चतुर्दशीच्या पहाटेचा. आई पाटावर बसवून खसाखसा तेल चोळते, उटणं डोळ्यांत जातं आणि कुरकुर केली की पाठीत धपाटा. बायकांना त्यात भर म्हणून बाळंतपणातल्या मालीशवाल्या मावशी आठवतात. दोन्हीकडे मुकाट्याने चोळून घ्यायचं असतं. ती सवय घेऊन लोक आमच्याकडे येतात, तासभर सोसतात, "छान झालं हं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी घरी कण्हत बसतात. त्यांनी एकदा "जरा हळू" म्हटलं असतं तर माझंही काम सोपं झालं असतं. दुखतंय किती हे हाताला काही अंशी कळतं, पूर्ण कळत नाही.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, दारात शिरण्यापासून घरी जाऊन अंघोळ करेपर्यंत काय काय होतं ते क्रमाने सांगते.

आधी कुणाकडे जायचं ते ठरवा

पार्लरमध्ये किंवा स्पामध्ये होतो तो मसाज आरामाचा. मंद दिवे, वासाचं तेल, डुलकी. त्यात वाईट काही नाही, पण कंबर धरली म्हणून तिथे जाऊ नका. दुखण्यासाठी जायचं तर आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक वैद्यांची: तपासणारे बीएएमएस असावेत, त्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असावी, पंचकर्मात एमडी असतील तर उत्तमच. दुसरी वाट फिजिओथेरपिस्टची. तिथे हाताने स्नायू मोकळे करतात आणि सोबत व्यायामही देतात. माझ्या पोटावर पाय येईल, तरी सांगते, की खांदा आखडलाय आणि हात वर जात नाही, खेळताना गुडघ्याला मार लागलाय किंवा ऑपरेशननंतर सांधा वळत नाही, तर आधी फिजिओकडे जा. तेलाने बरं वाटेल, पण व्यायामाशिवाय तो हात वर जायचा नाही. दिवसभर खुर्चीत बसून आखडलेली पाठ, जुनी कंबरदुखी, सकाळचा अंगाचा कडकपणा, उडालेली झोप यांना अभ्यंग मानवतो.

तालमीतल्या मालीशची गोष्ट वेगळी. कोल्हापूरकडचा पैलवान रोज जोर-बैठका काढतो, त्याच्या मांडीवर वस्ताद उभा राहिला तरी चालतं. "आमच्या गावाकडे पायाने तुडवतात" असं सांगून तसला दाब मागणारे येतात. एमआरआयची पिशवी हातात असलेल्या कंबरेवर मी कोपरसुद्धा टेकवत नाही.

काही वेळा मसाजला यायचंच नसतं. ताप, जुलाब किंवा अपचन असेल तर थांबा. त्वचेवर गळू, नायटा, उघडी जखम असेल तरी थांबा. एकाच पोटरीला सूज आली असेल, ती गरम आणि दुखरी लागत असेल तर ती चोळून घेऊ नका, तडक डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद अचानक कमी झाली, तर वैद्य नको, मसाज नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, ठिसूळ हाडं, ताजं फ्रॅक्चर, कॅन्सरचे उपचार, आटोक्यात नसलेलं बीपी, दिवस गेलेले असणं किंवा तशी शंका असणं, यातलं काहीही असेल तर वैद्यांना आणि मसाज करणाऱ्यालाही सांगा. कागदावर लिहिलंय म्हणून आतल्या खोलीतल्या माणसाने ते वाचलंय असं धरून चालू नका.

फोनवर चार गोष्टी विचारा

पहिल्या दिवशी वैद्य स्वतः तपासणार का? बाईला बाई आणि पुरुषाला पुरुषच मसाज करणार ना? घालायला कपडा तिथे मिळतो की आणायचा? आणि पैसे: तपासणी, तेल, वाफ सगळं मिळून किती? काही ठिकाणी मसाजचा एक आकडा सांगतात आणि बिलात तेल वेगळं, वाफ वेगळी निघते. त्यात गैर काही नाही, फक्त आधी कळायला हवं.

सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचं पॅकेज पहिल्या फोनवरच गळ्यात मारायला लागले तर "एक बैठक करून बघते" म्हणा. मला न पाहता माझ्या पाठीला एकवीस दिवस लागतील हे फोनवर कुणाला कसं कळतं, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

घरून निघताना

जेवून दोन-अडीच तास झालेले असावेत. उपाशीही येऊ नका, कडक उपासाच्या दिवशी तर नकोच. वाफेनंतर चक्कर येणाऱ्यांत चतुर्थी धरून आलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी अष्टांगहृदय या त्यांच्या ग्रंथात अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितलाय. मिसळ खाऊन पालथं झोपलेला माणूस एकदा पाहिला की त्यामागचं कारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी वॅक्सिंग किंवा दाढी करून येऊ नका, तेल झोंबतं. पाळी सुरू असेल तर फोन करून दिवस बदला, बहुतेक वैद्य त्या दिवसांत अभ्यंग टाळतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर डबी आणा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरीच ठेवलेलं बरं. मंगळसूत्राचा प्रश्न दर दुसऱ्या दिवशी येतो. काढायचं नसेल तर काढू नका, मी ते रुमालात गुंडाळून केसांशी वर बांधते. पण काळे मणी दोऱ्यात ओवलेले असतील तर दोरा तेल पितो आणि आठवडाभर वास मारतो, एवढं ध्यानात ठेवा. परत जाताना घालायला जुना, सैल सुती कपडा आणा. लिननचा कुर्ता घालून येणाऱ्या मुलींची मला खरंच दया येते.

जुने एक्स-रे, रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत असू द्या. दहा मिनिटं आधी पोचा आणि आत जाण्याआधी बाथरूमला जाऊन या. ही सूचना फालतू वाटेल, पण पोटावर कोमट तेलाचा हात फिरला की सगळ्यांना तिची आठवण होते.

तेलाआधी प्रश्न

चांगल्या ठिकाणी पहिली पंधरा-वीस मिनिटं तुमच्या अंगाला कुणी हात लावत नाही. वैद्य नाडी बघतात, जीभ बघतात, बीपी घेतात, आणि कंबर दुखतेय म्हणून आलेल्याला झोप लागते का, भूक कशी आहे, पोट साफ होतं का असं विचारत बसतात. लोक वैतागतात. या उत्तरांवरून तेल ठरतं, दाब ठरतो, वाफ द्यायची की नाही तेही ठरतं. कोरडी त्वचा, थंडी वाजते, सांधे कटकट वाजतात अशा माणसाला भरपूर तेल आणि शेक चालतो. ज्याला मुळातच अंगात उष्णता वाटते त्याला शेक बेताने. तेलांत महानारायण, बला, सहचर ही नावं कानावर पडतील, पुष्कळदा साधं तिळाचंच असतं. या औषधी तेलांचा पाया बहुधा तिळाचाच असतो, म्हणून तीळ खाऊन अंगावर पित्त उठत असेल तर ते इथेच सांगा. नुसतं "अॅलर्जी नाही" म्हणू नका, आधी आठवून बघा.

काहीही न विचारता "झोपा" म्हणणारी जागा असेल तर तिथून परत फिरा.

दुखणं सांगताना "नस चढली", "गादी सरकली" असं निदान आणू नका. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा, कधीपासून, कशाने वाढतं, रात्री जाग येते का, ते सांगा. मसाजने सरकलेली गादी जागेवर बसत नाही. तिच्याभोवतीचे आवळलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही दिवस कमी होतं आणि तेवढ्या काळात हालचाल वाढवता येते. आमचं काम इतकंच, आणि जुनाट कंबरदुखी असलेल्याला इतकंही पुष्कळ वाटतं.

आतली खोली

मधोमध लाकडी द्रोणी असते. कडेने उंच काठ, तेल वाहून जायला खाच, डोक्याशी छोटी उशी. काही ठिकाणी रेक्झिनचं टेबल. मऊ गादीची अपेक्षा ठेवू नका, द्रोणी कडक असते आणि तेल लागलं की घसरडी होते. चढताना-उतरताना माझा हात धरायला लाजू नका.

आता संकोचाचं बोलू, कारण फोनवर कुणी विचारत नाही पण मनात तेच असतं. कपडे किती काढायचे? अंगभर अभ्यंगासाठी वापरून टाकायची चड्डी किंवा लंगोट देतात, बायकांना बहुतेक ठिकाणी वर बांधायला कापडही. तुम्ही बदलताना मसाज करणाऱ्याने बाहेर जायचं असतं. नंतर अंगावर चादर असते आणि ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच उघडा करतात. स्तनांना आणि गुप्तांगांना हात लागायचं काही कारण नाही, कुठलाही "खास पॉइंट" तिथे नसतो. फक्त पाठ आणि मान करून घ्यायची असेल तर सलवार, पायजमा अंगावर ठेवा, तसं आधी सांगा. बहीण, आई, नवरा यांपैकी कुणाला खोलीत बसवायचं असेल तर बसवा. जिथे याला नकार मिळतो तिथे काम करून घेऊ नका. आणि काही खटकलं तर मधेच उठून बसायचा हक्क तुमचा आहे. तेल लागलंय, पैसे भरलेत, त्यांना काय वाटेल, हा विचार त्या क्षणी बाजूला ठेवा.

केरळी पद्धतीच्या केंद्रात दोन्ही बाजूंनी दोघी जणी एकाच लयीत हात चालवतात. पहिल्यांदा गोंधळायला होतं, कुठला हात कुणाचा ते कळत नाही. चादरही तिथे कमी वापरतात. नको असेल तर मागून घ्या.

हात चालू होतात

तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करतात. मी आधी माझ्या मनगटावर थेंब टाकून बघते, मग तुमच्या पायावर टाकून विचारते. सुरुवात बहुधा डोक्यापासून. टाळूवर तेल, कानांच्या पाळ्या, मान. मग हात, छातीचा वरचा भाग, पोट, पाय, आणि पालथं करून पाठ. लांब हाडांवर हात लांब फिरतो, सांध्यांवर गोल. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कारण मोठं आतडं त्याच दिशेने जातं. तळपायाला मी मुद्दाम जास्त वेळ देते. डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावा असं वाग्भटच सांगून गेलेत, आणि दिवसभर उभ्याने काम करणारी बाई तळव्याला अंगठा लागताच जो सुस्कारा टाकते तो मी रोज ऐकते. सगळं मिळून पाऊण तास ते तास.

दाबाचं आता नीट सांगते. एक दुखणं गोड असतं. आखडलेल्या जागी अंगठा टेकला की "हां, तिथेच" असं वाटतं, श्वास बाहेर सुटतो आणि दहा-पंधरा सेकंदांत ती जागा सैल पडते. दुसऱ्या दुखण्यात श्वास अडकतो, दात आवळले जातात, पायाची बोटं मुडपतात. त्या काकूंसारखी. तेव्हा स्नायू सुटण्याऐवजी अंग चोरून आणखी आवळतो आणि मी कितीही जोर लावला तरी माझेच अंगठे दुखतात. चमक खाली पायात उतरली, मुंग्या आल्या, आग झाली तर क्षणभरही थांबू नका, लगेच बोला. शब्द साधे ठेवा: "हळू", "थोडं खाली", "इथे नको". माफी मागत बोलायची गरज नाही.

मान मात्र कुणालाही मोडू देऊ नका. सलूनच्या खुर्चीत कटकन आवाज काढतात तसं करणारे मसाजवालेही असतात. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. "मानेला झटका नको" हे मी स्वतः कुठे मसाज करून घ्यायला गेले तरी आधीच सांगते.

बाकी काय होईल? झोप लागेल, घोराल, पोट गुरगुरेल, वायू सरेल. आम्हाला याचं काही नाही. एखादीला एकदम रडू येतं, कारण तिलाही सांगता येत नाही. मी हात तसाच ठेवून थांबते, विचारत नाही. गप्पा मारायलाच हव्यात असंही नाही. डोळे मिटून पडलात तर मला उलट बरं.

शेक

अभ्यंगानंतर बहुतेकदा स्वेदन असतं. लाकडी किंवा फायबरच्या पेटीत बसवतात, डोकं बाहेर. आत निर्गुंडी किंवा दशमुळांच्या काढ्याची वाफ. एकाच जागी शेक द्यायचा असेल तर नाडीस्वेद. नाव भारदस्त आहे, साधन म्हणजे आपला प्रेशर कुकर. शिट्टीच्या जागी रबराची नळी लावलेली, तिच्या टोकातून वाफ दुखऱ्या भागावर फिरवत न्यायची. पहिल्यांदा पाहणारे हसतात.

पेटीत पाच ते पंधरा मिनिटं. कपाळावर घाम फुटला की आमच्या दृष्टीने काम झालं. त्याआधीच धडधड, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर सांगा, दार उघडायला दोन सेकंद लागतात. हृदयविकार असेल तर पेटी नको. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर ते आवर्जून सांगा: चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

घाम आणि काळपट तेल पुसताना कुणी म्हणेल, "बघा, शरीरातली विषं बाहेर पडली." तो मळ असतो. रोज घासून अंघोळ करणाऱ्याच्या अंगावरूनही तेल चोळून तो निघतो. मसाजने चरबी वितळते असं सांगणाऱ्यालाही नमस्कार करून पुढे चला.

उठताना आणि नंतर

लगेच उभे राहू नका. कुशीवर वळा, बसा, मिनिटभर पाय खाली सोडून थांबा, मग उतरा. आमच्याकडे जे पडायचे प्रसंग येता येता राहिले ते सगळे या एका मिनिटातले. अंघोळ तिथेच करणार असाल तर कोमट पाणी आणि मसूर किंवा हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. दुचाकीवर जाणार असाल तर तळपायाचं तेल नीट पुसून घ्या, चप्पल सटकते, ब्रेकवरचा पायही सटकतो. कानाला रुमाल बांधा. वाफ घेतल्या घेतल्या गाडीतला एसी तोंडावर घेऊ नका.

त्या दिवशी मऊ भात, मुगाचं वरण, खिचडी असं हलकं खा. पाणी तहानेप्रमाणे. जिम नको, डोक्यावरून पाणी घेऊन गार वाऱ्यात बसणं नको, शक्य असेल तर लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सिंहगड चढून आल्यासारखं अंग दुखू शकतं, ते एक-दोन दिवसांत जातं. त्यापुढे टिकलं, काळेनिळे डाग उठले किंवा मूळचं दुखणं वाढलं तर केंद्रात फोन करा. पुढच्या बैठकीला दाब कमी करायचा की मसाजच थांबवायचा हे वैद्य ठरवतील. तीन-चार बैठकांत काडीचाही फरक वाटला नाही तर पुढच्या तारखा घेण्याआधी पुन्हा तपासून घ्या.

घरी गेल्यावर तेलकट टॉवेल थेट मशीनमध्ये टाकू नका. आधी गरम पाण्यात साबणाचा चुरा घालून भिजवा, नाहीतर पुढच्या धुण्यातल्या शर्टांनाही महानारायणाचा वास येतो. आणि घरी अंघोळ करताना पीठ लावलंत तर मोरीच्या जाळीवर लक्ष ठेवा. तेल आणि डाळीचं पीठ पाइपात जाऊन बसलं की त्याचा असा काही लगदा होतो, की त्या काकूंची पाठ तीन बैठकांत मोकळी झाली, पण त्यांच्या मोरीला प्लंबर बोलवावा लागला.